लिनक्सवरून मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजचा वापर

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज हा संस्थेतील कर्मचाऱ्यांचे ईमेल, दिनदर्शिका आणि संपर्कसूची एकत्र सांभाळणारा सर्व्हर आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. विंडोजवरील आउटलुक हा त्याचा नेहमीचा जोडीदार असल्यामुळे, लिनक्स ही मुक्तस्रोत संचालन प्रणाली वापरणाऱ्यास कार्यालयाचे ईमेल उघडता येत नाही, असा समज आढळतो. प्रत्यक्षात हा अडसर संचालन प्रणालीचा नसून प्रोटोकॉलचा, म्हणजे दोन संगणकांमधील संवादाच्या ठरलेल्या नियमांचा असतो.

अडचणीचे स्वरूप

ईमेल पाठवण्याचा एसएमटीपी व वाचण्याचा आयमॅप हे प्रोटोकॉल खुले आहेत. त्यांचे नियम प्रसिद्ध असून कोणीही त्यांनुसार प्रोग्राम लिहू शकतो. संस्थेने एक्स्चेंजवर ते चालू ठेवले असल्यास लिनक्सवरून पत्रव्यवहार सहज होतो. मात्र आयमॅपमधून पत्रेच मिळतात. बैठकींची दिनदर्शिका आणि सहकाऱ्यांची सूची मिळत नाही. त्यांसाठी आउटलुक मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा प्रोटोकॉल वापरत असे व त्याचे तपशील दीर्घकाळ अप्रकाशित होते.

इतिहास

झिमियन या कंपनीने डिसेंबर २००१ मध्ये लिनक्ससाठी इव्होल्यूशन १.० हा ईमेल प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याला एक्स्चेंजशी जोडणारा 'कनेक्टर' मात्र विकत घ्यावा लागे. नोव्हेल कंपनीने २००३ मध्ये झिमियन विकत घेतली आणि २००४ मध्ये कनेक्टर मुक्तस्रोत केला. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला सर्व्हरच्या परस्परसंवादाची माहिती इतरांना देण्याचा आदेश दिला. २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायम ठेवला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंजसह अनेक उत्पादनांच्या प्रोटोकॉलचे दस्तऐवज प्रसिद्ध केले.

जोडणीचे मार्ग

एक्स्चेंज २००७ पासून 'एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस' (ईडब्ल्यूएस) ही सोय उपलब्ध झाली. 'इव्होल्यूशन-ईडब्ल्यूएस' हा पूरक भाग बसवल्यास पत्रे, दिनदर्शिका व संपर्कसूची एकाच ठिकाणी दिसतात. दुसरा मार्ग डेव्हमेल या मुक्तस्रोत प्रोग्रामचा आहे. तो वापरकर्त्याच्या संगणकावर दुभाष्याचे काम करतो: एका बाजूने एक्स्चेंजशी बोलतो आणि दुसऱ्या बाजूने आयमॅप, एसएमटीपी व कॅलडॅव्ह या खुल्या प्रोटोकॉलमध्ये उत्तर देतो. थंडरबर्ड या प्रोग्रामने २०२५ मध्ये ईमेलपुरती एक्स्चेंजशी थेट जोडणी उपलब्ध केली. यांपैकी काहीच शक्य नसल्यास ब्राउझरमधून वेबमेल उघडता येते.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित 'बॉस' ही भारतीय भाषांना आधार देणारी लिनक्स प्रणाली विकसित केली आहे. भारत सरकारने २०१५ मध्ये सरकारी कार्यालयांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या अवलंबाचे धोरण जाहीर केले. इव्होल्यूशन-ईडब्ल्यूएस व डेव्हमेल हे दोन्ही डेबियनच्या संग्रहात आहेत. युनिकोडमुळे मराठी मजकूर लिनक्सवरही तसाच वाचता येतो. भडगावसारख्या तालुक्याच्या गावी राहून पुण्यातील कंपनीचे काम करणाऱ्यास सर्व्हर इंटरनेटवरून खुला नसल्यास आधी व्हीपीएनने कार्यालयाच्या जाळ्यात जावे लागते.

मर्यादा व सुरक्षितता

मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज ऑनलाइन' सेवेत ऑक्टोबर २०२२ पासून केवळ परवलीच्या शब्दावर चालणारा प्रवेश बहुतेक प्रोटोकॉलसाठी बंद करण्यास सुरुवात झाली. त्याऐवजी आलेल्या ओऑथ २.० पद्धतीत वापरकर्ता मायक्रोसॉफ्टच्या पानावर ओळख पटवतो आणि प्रोग्रामला मर्यादित परवाना मिळतो. अनेक संस्थांत त्यासाठी प्रशासकाची संमती लागते. या ऑनलाइन सेवेतील ईडब्ल्यूएस ऑक्टोबर २०२६ पासून बंद करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली असून, त्याची जागा 'मायक्रोसॉफ्ट ग्राफ' ही सोय घेणार आहे. संस्थेच्या स्वतःच्या जागेतील सर्व्हरला हा निर्णय लागू नाही. त्यामुळे लिनक्स वापरणाऱ्याने जोडणीचा मार्ग निवडण्यापूर्वी सर्व्हर कोठे आहे आणि प्रशासकाने कोणते प्रोटोकॉल चालू ठेवले आहेत, हे विचारून घेणे आवश्यक ठरते.