डोक्यावरील आवाळू आणि सूचीपरीक्षा

डोक्यावरचे आवाळू बहुधा नाभिकाच्या बोटांना प्रथम लागते. दुखत नाही म्हणून रुग्ण वर्षानुवर्षे ते बाळगतो आणि पुढे वैद्याकडे, नाहीतर थेट औषधी दुकानात कांचनार गुग्गुळ मागावयास येतो. सातारा-सांगलीकडील आमच्या व्यवसायबंधूंना हा प्रसंग नवा नाही.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात ग्रंथी व अर्बुद यांचा विचार एकत्र केला आहे. मेदोज ग्रंथी फुटली असता तिळाच्या पेंडीसारखा वा तुपासारखा स्राव येतो, हे त्यांचे निरीक्षण आजच्या केशकोषजन्य गाठीशी चांगले जुळते. रक्तार्बुद व मांसार्बुद मात्र त्यांनी असाध्य मानले. साध्यासाध्यतेचा हा निर्णय केवळ स्पर्शाने करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सूचीपरीक्षेत २२ ते २५ गेजची बारीक सुई गाठीत घालून पेशी ओढून घेतात, काचपट्टीवर पसरून रंगवतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुधा भूलही लागत नाही. सुईने गाठ पसरते ही भीती लोकांत फार आहे. बारीक सुईने तसे होणे अत्यंत विरळ. सुईत पेशी येतात, ऊतीची संपूर्ण रचना येत नाही. म्हणून अहवाल संदिग्ध असल्यास गाठ काढून तपासणे भाग पडते. कधी डोक्यावरील गाठीत गलग्रंथीच्या पेशी सापडतात. मूळ कर्करोग गळ्यात आणि दिसला कवटीवर! म्हणून रुग्णाचा गळा चाचपल्याशिवाय त्याला सोडू नये.

ठणकणाऱ्या नव्हे, नाडीप्रमाणे उडणाऱ्या गाठीस सुई लावू नये. बालकाच्या डोक्याच्या मध्यरेषेवरील गाठीसही नाही; तिचा संबंध कवटीच्या आत असू शकतो, तेथे आधी सीटी वा एमआरआय. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेतो काय, हेही विचारावे.

परीक्षेपूर्वी तीक्ष्ण लेप, क्षारकर्म वा भेदन नको. गाठ पिकली की पेशींचे चित्र गढूळ होते. दुकानदार बंधूंनी वाढती, कठीण, हाडाला चिकटलेली वा व्रण पडलेली गाठ ऐकताच गुग्गुळाची डबी बाजूस ठेवून रुग्णास वैद्याकडे धाडावे. कराडचे कृष्णा रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे पाठविताना चिठ्ठीत गाठीचा काळ, आकार, वाढीचा वेग आणि आजवर केलेले लेप अवश्य लिहावेत.