विमान चालविण्याची रीत

नाशिकच्या आकाशांतून विमान जाऊं लागलें कीं मुलांच्या माना आपोआप वर होतात. ओझर येथें १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तरी विमान चालवितात कसें, हें थोड्यांसच ठाऊक असतें. म्हणून एका पंख्याच्या लहान विमानाची रीत आम्ही येथें सांगत आहों. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला टपाल आणलें, तें अशाच एका एंजिनाच्या पस मॉथ विमानांतून.

वैमानिक प्रथम विमानाभोंवतीं फिरतो. तेल, चाकें, पंखांच्या व शेपटीच्या हालत्या फळ्या हीं तपासतो. टाकीच्या तळाची तोटी उघडून थोडें पेट्रोल कांचेसारख्या पारदर्शक पेल्यांत घेतो. दमट हवेंत अर्धवट भरलेल्या टाकींत दंव जमून पाणी होतें. तें पेट्रोलाहून जड, म्हणून तळाशीं बसतें. तें एंजिनांत गेल्यास एंजिन बंद पडेल.

एंजिन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटांत तेलाचा दाब न दिसल्यास तें तत्काळ बंद करावें. ठिणगी पाडणारे मॅग्नेटो दोन असतात. एक बिघडला तरी दुसऱ्यानें काम चालावें, हा हेतु. धांवपट्टीजवळ आळीपाळीनें एकेक बंद करून पाहतात. एंजिनाचे फेरे थोडे उतरले तर चिंता नाहीं. फार उतरले तर उड्डाण रद्द.

उड्डाण वाऱ्यास सामोरें जाऊन करावें, म्हणजे पंखांस लागणारा हवेचा ओघ थोड्या धांवेंतच मिळतो. सेस्ना १७२ जातीचें विमान ताशीं सुमारें १०० किलोमीटर वेगास नाक उचलतें. परंतु नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच. त्यांत वैशाखांतील दुपारीं हवा अधिकच विरळ होते. एंजिनाचा जोर घटतो, पंखांस आधार कमी मिळतो, आणि जुहूस पुरणारी धांव येथें अपुरी पडूं शकते. हें गणित जमिनीवर असतांच करावें लागतें.

वर गेल्यावर कार्ब्युरेटराकडे लक्ष हवें. पेट्रोलाची वाफ होतांना तेथें इतका गारवा येतो कीं दमट हवेंत उबदार दिवशींहि बर्फ धरतो. फेरे उतरूं लागतांच गरम हवेची कळ ओढावी.

उतरतांना वेग बेताचा ठेवून, जमिनीजवळ नाक हळूच उचलून, मागील चाकें आधीं टेकवावीं. बेत जमला नाहीं तर पुनः जोर देऊन दुसरी फेरी घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं.

३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत बोइंग कंपनीचें एक नवें मोठें विमान कोसळून दोघांचे प्राण गेले. वैमानिक निष्णात होते. केवळ फळ्यांचा अडसर काढावयाचा राहिला होता. त्यानंतरच लेखी यादी वाचून तपासणी करण्याचा प्रघात रूढ झाला. म्हणून हजारों तास उडालेला वैमानिकहि आज ती यादी पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्याप्रमाणें ओळीनें वाचतो.