एका इंचात अठ्ठावीस धागे

माझ्या रुखवतात आईने मॅटीच्या कापडाचा टेबलक्लॉथ मांडला होता. चार कोपऱ्यांत चार पोपट, लाल चोचीचे, सगळे फुल्याफुल्यांनी भरलेले. त्या काळी आपल्या सगळ्यांच्याच घरी असं काहीतरी असायचं, नाही का? दारावर ‘सुस्वागतम्’ची चौकट, रेडिओवर झालर लावलेलं कव्हर. शाळेत शिवणाच्या तासाला बाईंनी शिकवलेला तो फुलीचा टाका, ज्याला आता सगळ्या क्रॉस स्टिच म्हणतात, तो मला चांगला येतो अशी माझी पंचवीस-तीस वर्षं समजूत होती. एका हातभर पांढऱ्या कापडाने ती मोडली.

धाकटी जाऊ जर्मनीला असते. मागच्या दिवाळीत ती वांगणीला आली तेव्हा माझ्यासाठी चॉकलेटं न आणता हे कापड घेऊन आली. ‘वहिनी, तुम्हाला भरतकाम आवडतं ना? हे अठ्ठावीस काउंटचं आहे.’ मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं!

मॅटीच्या कापडात धागे जुडीने विणलेले असतात, त्यामुळे चौकोन आधीच तयार मिळतात. परदेशात ‘आयडा’ म्हणून जे कापड मिळतं, तेही तसंच. चौकोनाच्या चार टोकांना ठसठशीत भोकं. सुई घाला, काढा, झाली फुली. हे नवं कापड, ज्याला इव्हनवीव्ह म्हणतात, त्यात जुडी नाही आणि चौकोनही नाही. एकेक धागा सुटा. एका इंचात उभे २८ आणि आडवेही २८. आपणच दोन धागे आडवे आणि दोन उभे मोजून तेवढ्यावर फुली घालायची. म्हणजे इंचाला १४ फुल्या बसतात. हौस दांडगी असेल तर एकाच धाग्यावर, म्हणजे इंचाला २८! तेवढी हौस मला अजून आलेली नाही.

जावेने आणलेलं कापड खराब होऊ नये म्हणून आधी सराव दुसऱ्या कापडावर करायचं ठरवलं. विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या कापडबाजारात गेले. एका दुकानदाराने ‘एकदम सेम है भाभी, लिनन है’ म्हणत मीटरभर कापड हातात ठेवलं. दिसायला सुरेख. मी ४५ फुल्या लांब आणि ४५ फुल्या रुंद असं तुळशीवृंदावन ग्राफच्या वहीत काढलं आणि बसले भरायला. बारा दिवसांनी पूर्ण झालं तेव्हा मुलगा म्हणाला, ‘आई, हा मिनार कसला?’

खरंच मिनार झाला होता. पट्टी लावून मोजलं, तर रुंदी ३ इंच आणि उंची पावणेचार! कापडात एका बाजूने इंचाला ३० धागे होते, दुसऱ्या बाजूने २४. मी दोन-दोन धागे अगदी इमानाने मोजत गेले, पण धागेच सारखे नव्हते. तेव्हा मैत्रिणींनो, लिनन म्हणा नाहीतर सुती म्हणा, कापड घेताना पर्समध्ये पट्टी आणि टाचणी असू द्या. एक इंच उभा आणि एक इंच आडवा, टाचणीच्या टोकाने धागे मोजा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. दोन्ही आकडे सारखे आले तरच पैसे काढा.

आणि हे नवीन काही नाही, हे मला नंतर आठवलं. माझी आजी बेळगावकडची. तिच्या इरकली लुगड्याच्या पदरावर कशिदा होता, धारवाडकडे ज्याला कसूती म्हणतात तो. गोपूर, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन. कापडावर छापून घ्यायचं नाही, पेन्सिलची रेघ मारायची नाही, नुसते धागे मोजायचे. त्यात चार टाके असतात: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यातला मेंथी म्हणजे आपली फुलीच. मेंथी म्हणजे मेथी, नाव किती गोड! आजीला काउंट हा शब्द माहीत नव्हता, पण काळ्या चंद्रकळेवर दिवेलागणीपर्यंत ती धागे मोजायची. पॅलेस्टाईनच्या बायकांचं भरतकामही बरंचसं असंच फुलीचं आणि मोजायचं. २०२१ साली युनेस्कोने ते जगाच्या वारशाच्या यादीत घेतलं.

असो. आता जर्मनीच्या कापडाकडे वळले. पहिल्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बसले आणि काय सांगू, धागेच दिसेनात! नुसता पांढरा ढग. आमच्या यांचं ठरलेलं उत्तर तयार होतं, ‘चाळिशी लागली.’ लोकलमध्ये मिळतो तो स्वस्तातला चष्मा घेतला. धागे दिसायला लागले, पण तासाभराने डोकं दुखायचं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या आईला काचबिंदू होता. मोतीबिंदू आणि काचबिंदू आपण एकच समजतो, पण तसं नाही. मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं नीट दिसत राहतं, म्हणून कळतच नाही. आई दाराच्या चौकटीला आपटायची आणि आम्ही म्हणायचो, ‘आई, जरा बघून चाल!’ निदान झालं तेव्हा उशीर झाला होता, आणि गेलेली नजर परत येत नाही. आईवडिलांना, भावंडांना असेल तर आपल्याला धोका जास्त. चाळिशीनंतर तपासणी करायलाच हवी, हे त्या वेळी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. तरी मी चार वर्षं गेले नाही. दुसऱ्यांना शिबिराला नेणारी मी!

धाग्यांनी मात्र नेलं. चष्म्याचा नंबर काढायला म्हणून गेले आणि डोळ्याचा दाब वाढलेला निघाला. मग कडेच्या नजरेची तपासणी झाली. एका डब्यात डोकं घालून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. नस अजून शाबूत आहे. रोज रात्री थेंब घालायचे, आता जन्मभर. लिहिताना सोपं वाटतं, पण त्या दिवशी परतीच्या गाडीत बदलापूरनंतर डबा रिकामा झाला तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

वांगणीत राहून याची भीती वाटू नये असं नाही. भाडं परवडतं म्हणून आमच्या गावात दृष्टिहीन कुटुंबं बरीच आहेत. अनेक जण लोकलमध्ये वस्तू विकतात. २०२० च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या तेव्हा त्यांच्या चुली कशा पेटल्या ते आम्ही पाहिलंय. १७ एप्रिल २०२१ ला आमच्याच स्टेशनवर अशाच एका मातेचं बाळ रुळांवर पडलं आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वर काढलं, ते साऱ्या देशाने पाहिलं. माझं काम या घरांमध्ये असतं: निराधार योजनेचे अर्ज, दिव्यांग ओळखपत्र, रेशनकार्ड.

अशाच एका घरातल्या वहिनी कागदांसाठी माझ्याकडे आल्या होत्या. रिंग टेबलावर होती, त्यांचा हात लागला. ‘काय करताय ताई?’ मी सांगितलं. त्यांनी बोटं फिरवली, आधी वरून, मग उलट्या बाजूने. म्हणाल्या, ‘इथे गाठ मारलीय का? आणि ही एक ओळ वेगळी लागते.’

गाठ होती, लपवलेली. आणि ती ओळ मी चष्मा लावून पाहिली, तर सगळ्या फुल्यांचा वरचा टाका उलट्या दिशेला! फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला झुकायला हवा, हा पहिला नियम. तो मी टीव्ही बघताना मोडला होता. वहिनी ब्रेल वाचतात. ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास असतात. माझी फुली पावणेदोनच्या थोडी वर. मी डोळ्यांनी जे चुकवलं ते त्यांच्या बोटांना कळलं.

त्यानंतर मी गाठी मारणं सोडलं. सहापदरी दोऱ्यातला एकच पदर सुटा काढायचा, तो मधोमध दुमडून दोन्ही टोकं सुईत ओवायची. पहिला टाका वर येऊन खाली गेला की मागच्या फासातून सुई काढायची, झालं पक्कं. सुई बोथट टोकाची, २४ किंवा २६ नंबरची, म्हणजे धागा फाटत नाही. कापडाच्या कडा आधीच शिवून घ्यायच्या, नाहीतर उसवतात. दर दहा फुल्यांवर रंगीत दोऱ्याचा कच्चा धावदोरा घालून ठेवला की मोजणी चुकत नाही. पांढऱ्या कापडाखाली मांडीवर काळं कापड घेतलं की भोकं आपोआप उठून दिसतात. ही युक्ती एवढी साधी की आधी कळली असती तर दहा संध्याकाळी वाचल्या असत्या.

आणखी एक खूण. कापडात उभा धागा एकदा आडव्याच्या वरून जातो, एकदा खालून. पहिली फुली उभा धागा वर असेल त्याच्या शेजारून सुरू करा. दोन-दोन धाग्यांनी पुढे गेलात तर प्रत्येक फुली तशाच जागी सुरू होते. एखादी फुली धागा खाली असलेल्या जागी आली, की समजायचं मोजायला चुकलो. उसवायचं तिथेच.

कापड किती घ्यायचं याचाही हिशेब आहे. १४० फुल्या रुंद चित्र असेल तर १४ ने भागायचं, १० इंच. चौकटीसाठी दोन्हीकडे तीन-तीन इंच जादा, एकूण १६. डॉक्टरांनी सांगितलंय, दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब बघायचं, निदान वीस सेकंद. मी खिडकीतून चंदेरीचा सुळका बघते. पावसाळ्यात तो ढगात असतो, मग समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी.

वहिनींनाही शिकायचं होतं. हे कापड त्यांना अशक्य, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. मग पर्स करायला लोकरीसोबत मिळते ती प्लॅस्टिकची जाळी आणली, इंचाला सात भोकांची. बोटांनी भोकं मोजत त्यांनी तीन दिवसांत मोबाइलची पिशवी भरली, एकही फुली न चुकता. रंगांच्या लोकरी वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्यात, झाकणांवर खुणा. ‘विकली जाईल का हो?’ मी विचारलं. त्या हसल्या. ‘ताई, लोकलमध्ये पन्नासच्या वर कोण देतंय? तीन दिवसांचे पन्नास! ही मुलीला.’ धंद्याचं त्यांना माझ्यापेक्षा कळतं, मी गप्प बसले.

माझ्या तुळशीवृंदावनाचा पाया बाकी आहे, अजून अकरा ओळी. या वेळी रुंदी आणि उंची सारखी आहे, पट्टी लावून पाहिली. मंगळवारी वहिनी कागदांसाठी येणार आहेत. त्यांनी बजावून ठेवलंय, ‘आधी उलटी बाजू दाखवायची.’