सुपरमॅनची कुळकथा

परग्रहावरून आलेला, आपले मूळ ठाऊक नसलेला, अचाट बळाचा एक मुलगा आडगावात साध्या माणसांच्या घरी वाढतो, ही गोष्ट आज जगभरच्या मुलांना ठाऊक आहे. त्या मुलाचे नाव सुपरमॅन. कामगारांच्या सभा, वाटाघाटी आणि वर्गणीच्या पावत्या यांत ज्याची हयात गेली, त्याने पोरांच्या चित्रकथेला कशासाठी हात घालावा, असे काही श्रोत्यांना वाटेल. आमचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झालेले. साहित्यशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु ही गोष्ट कोणी रचली, कोणत्या परिस्थितीत रचली आणि तिचे धनी कोण झाले हे पाहू लागले, की विषय थेट आमच्या अंगणात येतो. म्हणून तो येथे मांडत आहोत.

सुपरमॅनचे जन्मदाते दोन. जेरी सीगल हा लेखक आणि जो शुस्टर हा चित्रकार. दोघांचाही जन्म १९१४ चा. दोघेही युरोपातून पोटासाठी आलेल्या ज्यू कुटुंबांतले. शुस्टरचे वडील शिंपीकाम करीत. सीगलच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते आणि १९३२ साली त्या दुकानात चोरी होत असतानाच त्यांचा अंत झाला. अमेरिकेतील क्लीव्हलँड या कारखानदारीच्या शहरात, एकाच शाळेत या दोन मुलांची गाठ पडली. १९२९ नंतरच्या महामंदीचे ते दिवस. कारखाने थंडावलेले, माणसे भाकरीच्या रांगांत उभी. अशा शहरात दोन गरीब पोरांनी एका माणसाची कल्पना केली, ज्याला कोणीही हात लावू शकणार नाही. कित्येक वर्षे ती कल्पना प्रकाशकांच्या दारोदार हिंडली. अखेर जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाच्या पहिल्या अंकात ती छापली गेली. अंकाची किंमत दहा सेंट होती.

आरंभीचा हा सुपरमॅन आजच्यासारखा अंतराळातील राक्षसांशी झुंजत नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवितो आणि फाशीच्या दारात उभ्या असलेल्या निरपराध स्त्रीला सोडवितो. तिसऱ्या अंकात तर तो खाणकामगाराचा वेष घेतो. एका खाणीत अपघात झालेला असतो आणि मालक सुरक्षिततेच्या गोष्टी उडवून लावतो. मग तोच मालक आपल्या मेजवानीच्या पाहुण्यांना घेऊन गंमत म्हणून खाणीत उतरला असता सुपरमॅन वाट बुजवून टाकतो. स्वतः फावडे हाती घेतल्यावर मालकाला कळते की कामगार कशाबद्दल ओरडत होते, आणि वर आल्यावर खाण सुरक्षित करण्याचे तो कबूल करतो. अशी कामे कोणी बलदंडाने येऊन करावीत, ही त्या काळच्या पिचलेल्या माणसाची इच्छा होती. त्या इच्छेला आम्ही तरी हसणार नाही.

आता त्याच्या विस्मृतीकडे वळू. पहिल्या अंकात त्याची जन्मकथा अवघ्या एका पानाची आहे. एक ग्रह नष्ट होत असताना एक शास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या मुलाला यानात घालून पृथ्वीकडे पाठवितो. १९३९ मध्ये त्या ग्रहाला क्रिप्टन हे नाव मिळाले. त्याच वर्षी मुलाला केंट नावाच्या साध्या दांपत्याचे घर मिळाले. हे आईबाप त्याला दोन गोष्टी शिकवितात: लोक भितील, म्हणून आपले बळ झाकून ठेव, आणि वेळ येईल तेव्हा ते माणसांच्या उपयोगी आण. आपल्याकडे कर्णाला अधिरथ आणि राधा यांनी वाढविले, कृष्णाला नंद-यशोदेने. तेव्हा जन्म एकीकडे आणि संस्कार दुसरीकडे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. केंट कुटुंबाच्या गावाचे नाव स्मॉलव्हिल, म्हणजे अक्षरशः ‘लहानगाव’. हे नाव मात्र १९४९ साली पडले, आणि ते गाव कॅन्सस राज्यात नक्की झाले ते १९७८ च्या चित्रपटात.

गंमत अशी, की सुपरमॅन कोठून आला हे वाचकांना १९३८ पासून ठाऊक होते. खुद्द सुपरमॅनला ते पुढील अकरा वर्षे ठाऊक नव्हते! आपण इतरांहून वेगळे का, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. १९४९ च्या अखेरच्या एका अंकात तो एका दगडाचा माग काढीत काळाच्या मागे जातो आणि आपला ग्रह, आपले आईबाप, त्या ग्रहाचा नाश, सारे पाहतो. तो दगड त्याच ग्रहाचा तुकडा असतो आणि त्याच्या सान्निध्यात सुपरमॅनचे सारे बळ गळून जाते. घर आठवले आणि दुखरी जागाही कळली, दोन्ही एकाच कथेत. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या माणसाला गावाची आठवण काय करीत असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या दगडाचा अर्थ समजावून द्यावयास नको.

येथपर्यंत ही नायकाची हकीकत झाली. आता त्याच्या कर्त्यांकडे पाहू.

मार्च १९३८ मध्ये सीगल आणि शुस्टर यांनी एका कागदावर सही केली. पहिल्या कथेची पाने १३, पानामागे १० डॉलर, म्हणून मोबदला १३० डॉलर. त्या बदल्यात सुपरमॅनचे सर्व हक्क कायमचे प्रकाशकाचे झाले. पुढे अनेक वर्षे दोघांना कथेमागे पैसे मिळत राहिले, परंतु मालकी गेली ती गेलीच. तो मूळ धनादेश २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला आणि दहा सेंटांच्या त्या अंकाच्या एका प्रतीला २०१४ मध्ये ३२ लाख डॉलर आले. ज्या कागदाने दोघांचा हक्क गेला, तो कागदच त्यांच्या मजुरीच्या हजारपटीहून अधिक मोलाचा ठरला.

नायकाच्या बालपणाच्या गोष्टी ‘सुपरबॉय’ या नावाने लिहाव्यात, ही कल्पना सीगलची. प्रकाशकाने ती प्रथम नाकारली. मग सीगल महायुद्धात सैन्यात असताना त्याला न विचारता छापली. १९४७ मध्ये दोघांनी दावा लावला. सुपरमॅन कंपनीचा, पण सुपरबॉय सीगलचा, असा कौल पडला. तरीही १९४८ च्या तडजोडीत दोघांनी दोन्हींवरचे हक्क सोडले आणि सुमारे ९४ हजार डॉलर घेतले. त्यानंतर अंकांवरून त्यांची नावे पुसली गेली. आता सालांचा क्रम पाहा. १९४८ मध्ये कर्त्यांचे नाव गेले. १९४९ मध्ये नायकाला गावाचे नाव मिळाले आणि त्याच वर्षी आपले मूळही कळले. ती मूळ सांगणारी कथा लिहिणारा बिल फिंगर, ज्याचा बॅटमॅनच्या निर्मितीत मोठा वाटा होता. बॅटमॅनवर त्याचे नाव अधिकृतपणे लागले ते २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी.

सीगल १९५९ मध्ये त्याच प्रकाशकाकडे पानावारी मजुरीने परत गेला. १९६० साली त्याने एक कथा लिहिली. तीत सुपरमॅन क्रिप्टनवर पोहोचतो, आईबापांना भेटतो, तेथे प्रेमातही पडतो. पण तो ग्रह वाचवू शकत नाही आणि त्याला परतावे लागते. अंकावर सीगलचे नाव नव्हते. स्वतःच्या घरात मजुरीवर आलेल्या माणसाने ही कथा लिहिली, एवढेच आम्ही सांगतो.

१९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी बातमी आली. तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये वर्षाला सुमारे सात हजार डॉलरवर कारकुनी करीत होता. शुस्टरची दृष्टी बरीच अधू झाली होती. सीगलने वृत्तपत्रांना जळजळीत पत्रक पाठविले. मग जेरी रॉबिन्सन आणि नील ॲडम्स या चित्रकारांनी पुढाकार घेतला, व्यंगचित्रकारांच्या संघटना उभ्या राहिल्या, वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी बोलू लागली. कायद्याने कंपनी काही देणे लागत नव्हती. तरीही डिसेंबर १९७५ मध्ये तिने प्रत्येकाला वर्षाला २० हजार डॉलर, औषधोपचाराचा खर्च आणि निर्माते म्हणून नाव देण्याचे मान्य केले. शुस्टर १९९२ मध्ये आणि सीगल १९९६ मध्ये वारला. दोघांनीही आपले नाव पुन्हा छापलेले पाहिले.

हा न्याय पुरा नव्हे. ज्या मालातून कोट्यवधी डॉलर निघाले, त्याच्या मानाने ही रक्कम म्हणजे बोळवणच होती. परंतु ती कशी मिळाली हे महत्त्वाचे आहे. लाल पांघरूण घेतलेला कोणी आकाशातून उतरला नाही. त्याच धंद्यातील माणसे, ज्यांचा स्वतःचा त्यात दमडीचा लाभ नव्हता, ती एकत्र झाली.

रामायणात मारुतीची एक कथा आहे. ऋषींच्या शापाने त्याला आपल्या बळाचा विसर पडलेला असतो. समुद्रकाठी सारे वानर हताश बसलेले असताना वृद्ध जांबवान त्याला त्याच्या बळाची आठवण करून देतो आणि मगच उड्डाण होते. जांबवान स्वतः समुद्र ओलांडू शकत नाही. त्याचे काम आठवण देण्याचे. संघटनेचे काम आमच्या मते नेमके हेच आहे. पूर्वी कोणी कशावर सही केली, त्यात काय गेले, कोणते कलम कोणत्या संपात मिळविले, हे एकटा माणूस विसरतो. संघटनेच्या दप्तरात ते राहते.

आज कंत्राटी कामगार, मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचविणारे तरुण, चित्रपटमालिकांचे लेखक, सारेच अशा कागदांवर सह्या करतात. पुष्कळदा तर नुसत्या बोटाच्या स्पर्शाने. त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. कागद वाचा. न कळल्यास कळणाऱ्याला विचारा. ‘कायमचे’ हा शब्द कोठे आहे ते पाहा. प्रत जवळ ठेवा, आणि त्याच कागदावर सही करणारे दुसरे कोण आहेत ते शोधून त्यांना भेटा.