शेवटच्या एसटीआधीचं विद्यापीठ

कल्याण-माळशेज रस्त्यावरच्या टोकावड्याहून मुरबाडला किंवा कल्याणला कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींचा दिवस एसटीच्या वेळेवर चालतो. तास संपले की घर गाठायचं! त्यामुळे वर्गाबाहेरचं विद्यापीठ अनेकांना अनोळखीच राहतं.

त्यात शिरायची सर्वांत सोपी वाट म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, अर्थात एनएसएस. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, देशातल्या 37 विद्यापीठांत ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, असे दोन वर्षांत 240 तास काम करायचं असतं. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. श्रमदान, वृक्षारोपण, आरोग्य तपासणी, रात्री पथनाट्य असा तिथला दिवसक्रम. मुरबाड-शहापुरात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई नेहमीची. ओढ्यावर वनराई बंधारा घालायला लागणारे हात अशा शिबिरांतून मिळतात. खेड्यातल्या मुलांना हे काम शिकवावं लागत नाही, उलट तीच शहरी मित्रांना शिकवतात.

संशोधनाची आवड असेल तर राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ स्पर्धा आहे. गाणं, नाटक, लोकनृत्य यांची आवड असेल तर मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव.

प्रवेश घेतल्याबरोबर कॉलेजातल्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावं, सूचनाफलक पाहत राहावं. शेवटच्या गाडीची अडचण आधीच सांगावी. म्हणजे कामाच्या वेळा ठरवताना तिचा विचार होऊ शकतो.