पोथी छापखान्यात गेली तेव्हा

परवाच्या रविवारी विचुंब्यात आमच्या घरी आलेली पाहुण्यांची छोटी भाकरी खाता खाता इसापनीती वाचत बसली होती. पानाला चटणीचे बोट लागले. ‘पुस्तकाला असा हात लावू नये गं,’ असे आई तिला रागावली आणि मग स्वतःच हसली. आईच्या लहानपणी गावात पोथी लागे, तेव्हा आपल्या माणसांनी लांब उभे राहून ऐकायचे. पोथीला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

वाचकहो, त्या दूरच्या पोथीचे पुस्तक कसे झाले, ते मुलाबाळांना सांगण्यासारखे आहे.

अमेरिकन मिशनने 1817 साली मुंबईत मराठी छपाई सुरू केली. धर्मपुस्तिका लोकांत वाटायच्या, हा त्यांचा हेतू. त्याच छापखान्यात गणपत कृष्णाजी काम शिकले. हे भंडारी समाजातले गृहस्थ. त्यांनी 1831 साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले. पण सनातनी मंडळींना छापील कागदाचाही विटाळ! शाईत चरबी असते म्हणून ते पुस्तक शिवेनात. शेवटी गणपतरावांनी तूप घालून शाई केली, तेव्हा कुठे पोथ्यापंचांगे सोवळ्या घरांत गेली. माणसाला शिवायचे नाही आणि शाईलाही नाही. शाईला निदान तुपाने शुद्ध तरी होता आले!

जावजी दादाजी यांचेही तसेच. गरिबाघरचे पोर, मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागले. पुढे 1869 साली त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. देशभरचे पंडित ज्यांचे संस्कृत ग्रंथ प्रमाण मानत, ते हे खिळे घासणारे जावजी. मुलांसाठी विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिक 1881 पासून निघू लागले, तेही निर्णयसागरातच छापले जाई. त्याआधी 1828 साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती आली होती आणि 1873 साली मिशनचा ‘बालबोधमेवा’ सुरू झाला होता.

मुलांची पुस्तके निघाली खरी, पण ती कोणाच्या मुलांच्या हातात पडली? शाळेची पायरी ज्यांना बंद, त्यांना इसापाचा कोल्हा काय आणि सिंह काय!

म्हणूनच आम्हाला मुक्ताबाईचे फार कौतुक वाटते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी ही मातंग समाजातील मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने तो 1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही. मग आमचा धर्म तरी कोणता, असे तिने सरळ देवालाच विचारले. मोठमोठ्या शास्त्र्यांना जे सुचले नाही, ते एका शाळकरी पोरीने विचारले. आणि ते छापून आले, हे विशेष.

उत्तर यायला वेळ लागला. आपल्याच रायगड जिल्ह्यातील, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ 1888 साली निघाले. जोतीरावांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर 1891 साली यशवंतरावांनी प्रसिद्ध केले. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथही तसाच, महापरिनिर्वाणानंतर 1957 साली आला. आपल्या हाती छापील प्रत घेणे दोघांच्याही वाट्याला आले नाही, याची हळहळ वाटते.

हे सारे आम्ही त्या छोटीला सांगितले. तिने एवढेच विचारले, ‘मुक्ताला पुस्तक मिळालं का?’ आम्ही गप्प बसलो. रात्री आईने जुन्या कॅलेंडरचा कागद काढून इसापनीतीला कव्हर घातले. चटणीचा डाग तेवढा आत राहिला आहे.