येरवड्याच्या अलीकडे एक मुक्काम

समजा, आहुप्यातल्या किंवा हातवीजच्या एखाद्या घरातला तरुण चार रात्री झोपलेला नाही. जेवण सोडले आहे, कुणीतरी मारायला येतेय असे सारखे म्हणतो आहे. घरच्यांपुढे वाटा दोनच: गावचा भगत, नाहीतर गाडी करून येरवडा. जुन्नरहूनच पुणे सुमारे नव्वद किलोमीटर. पश्चिमेच्या डोंगरातून अंतर आणखी वाढते. गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी हे वेगळेच. त्यात ‘येरवड्याला नेले’ हे शब्द आपल्याकडे माणसाला कायमचे चिकटतात. म्हणून घरचे थांबतात आणि त्या थांबण्यातच आजार हाताबाहेर जातो.

येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात २,५४० खाटा आहेत. पण या तरुणाला बहुधा त्यातली एकही नको असते. झोप लागू लागली की पहिला भडका अनेकदा काही दिवसांत शमतो. पुढचे उपचार मग घरी राहून, महिनोन्‌महिने चालू शकतात. त्या पहिल्या काही रात्रींसाठी हवे काय? वेळेवर औषध देणारी परिचारिका, शांत खोली, उशाशी घरचे माणूस. आणि द्राक्ष-टोमॅटोच्या या पट्ट्यात विशेष महत्त्वाचे म्हणजे, कीटकनाशकाचा डबा हाताशी नसणे.

इटलीने १९७८ मध्ये कायदा करून मोठी मनोरुग्णालये बंद करण्याचा निर्णय घेतला. तिथल्या त्रिएस्ते शहरात वस्तीतल्या केंद्रांमध्ये मोजक्याच, सहा-आठ खाटा असतात. दार रात्रंदिवस उघडे. खर्च सरकारी. मंचर किंवा नारायणगावला, नाशिक रस्त्यालगत, एवढ्याच आकाराचे घर दोन्ही तालुक्यांना पुरवता येईल.

आपला कायदाही आड येत नाही, उलट मागे लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार उपचारांसाठी कुणाला लांबचा प्रवास करावा लागू नये आणि सेवा राहत्या ठिकाणाजवळ असावी. जिवाला धोका असेल तर नोंदणीकृत कोणताही डॉक्टर आणीबाणीचे उपचार ७२ तासांपर्यंत देऊ शकतो, मानसोपचारतज्ज्ञच असला पाहिजे असे नाही. म्हणजे सुरुवात ग्रामीण रुग्णालयातल्या दोन खोल्यांपासूनही होऊ शकते.

अडते ते पगारापाशी. इमारतीला एकदाच पैसे लागतात, फीतही कापता येते. रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार मात्र दर महिन्याला लागतो, आणि त्याची फीत नसते. सार्वजनिक पैशातून असे घर मागताना आधी पाच वर्षांच्या पगाराची तरतूद मागावी, बांधकाम नंतर.

आंबेगावला हे कळायला हवे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला, १५१ जीव गेले. सरकारी पैशातून पुढे नवे गाव उभे राहिले, घरे पक्की झाली. पण अशा आपत्तीतून वाचलेल्यांची झोप नंतर कित्येक पावसाळे मुसळधार सरींबरोबर उडू शकते, हे मानसोपचारात ओळखीचे आहे. घर बांधून दिले की खाते बंद होत नाही.

तोवर एक सोय आजही हाताशी आहे: १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक. फोन विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते आणि मध्यरात्रीही उचलला जातो. रुग्णाने बोलायलाच हवे असे नाही. त्याच्या आईने केला तरी चालतो.